नाव एकच, कूळ वेगळं

मराठीत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, केविलवाणा. कागदावर फरक आहे तो एका वेलांटीचा. पण रेडिओवर मी नुसता शब्द उच्चारला, तर यातला कोणता ते तुम्हाला कळणार नाही. आमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या उर्दूत तर 'दीन' म्हणजे धर्म. आवाज एक आणि अर्थ तीन. कवितेत असल्या गमती चालतात, आम्ही कवी मंडळी त्यावरच जगतो. यंत्राला मात्र त्या चालत नाहीत. ऑक्टोबर २००६ मध्ये जगभरच्या कितीतरी संगणकांत असाच एक सारख्या नावाचा घोटाळा झाला आणि लोकांनी तो घरबसल्या निस्तरला. त्या घोटाळ्याचा आणि दुरुस्तीचा इतिहास आज सांगायचा आहे. मी कला शाखेचा पदवीधर, त्यामुळे सांगणं साध्या माणसाच्या भाषेतच होईल.

आधी कर्नेल म्हणजे काय ते पाहू. लष्करातला कर्नल वेगळा. हा कर्नेल म्हणजे कवचाच्या आतला गर, बदाम फोडल्यावर हाती येतो तो. संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जी चित्रं, खिडक्या आणि अक्षरं दिसतात, ती सगळी वरची बाजू. आत एक प्रोग्राम असा असतो, की ज्याच्या परवानगीशिवाय काहीच हलत नाही. स्मृतीतली जागा कुणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कुणाला आधी मिळणार, डिस्कवर काय लिहायचं, कळफलकावरची कळ दाबली गेली हे कुणाला कळवायचं, हे सगळं तो ठरवतो. कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून बसलेली घरातली आजी डोळ्यांसमोर आणा. धान्य, तूप, साखर, सगळं तिच्या हातून सुटतं. संगणकातली ती आजी म्हणजे कर्नेल. मराठीत त्याला 'गाभा' म्हणायला हरकत नाही.

हा गाभा माणसांनी लिहिलेला असतो आणि तो माणसाला वाचता येतो. पण प्रोसेसरला तो तसाच्या तसा कळत नाही. मूळ लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यावं लागतं. याला मी दळण म्हणतो. गहू तोच असतो, पण पुरणपोळीसाठी तो बारीक दळून आणतात आणि लापशीसाठी भरड. कर्नेलचंही तसंच. लिखाण एकच, पण कोणत्या प्रोसेसरसाठी दळलं, यावर त्याचं रूप ठरतं. आणि इथेच त्या आकड्यांची कथा सुरू होते.

इंटेल कंपनीने १९७८ साली ८०८६ नावाचा प्रोसेसर काढला. त्याच घराण्यातला ८०३८६ हा १९८५ साली आला आणि १९८९ मध्ये ८०४८६. लोक नुसतं 'थ्री एटी सिक्स', 'फोर एटी सिक्स' म्हणू लागले. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात संगणक घेणारा माणूस हेच आकडे तोंडावर फेकायचा. पुढचा साहजिकच ५८६ व्हायला हवा होता. पण १९९१ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने ३८६ या आकड्यावर इंटेलला एकट्याची मालकी सांगता येणार नाही असं ठरवलं. आकडा सगळ्यांचाच. मग इंटेलने १९९३ साली पाचव्या पिढीला आकडा न देता नाव दिलं, पेंटियम. ग्रीक भाषेत पेंटा म्हणजे पाच. त्यानंतर १९९५ मध्ये पेंटियम प्रो आला, तो सहाव्या पिढीचा.

दुकानातून आकडा गेला, पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या वहीतून गेला नाही. त्यांनी पेंटियमला आय५८६ आणि पेंटियम प्रोपासूनच्या घराण्याला आय६८६ म्हणणं चालूच ठेवलं. बाजारात एक नाव आणि कुटुंबात एक नाव, हे आपल्याला नवं नाही.

आता ५८६ आणि ६८६ यांत फरक काय? सहाव्या पिढीने काही नवे हुकूम शिकून घेतले होते. त्यातला एक असा, की 'अमुक अट पुरी झाली असेल तरच ही संख्या तिकडे ठेव.' आधीच्या पिढीला हेच काम अट तपासून, वळण घेऊन, दोन पावलांत करावं लागे. सहाव्या पिढीसाठी दळलेल्या कर्नेलमध्ये हे नवे हुकूम सढळपणे वापरलेले असू शकत. ते ज्या प्रोसेसरला येत नाहीत, त्याला असा कर्नेल दिला तर काय होईल? तो पहिल्याच अनोळखी हुकमापाशी थांबेल. एएमडी कंपनीचा के६ हा लोकप्रिय प्रोसेसर पाचव्या पिढीच्या रीतीचा होता, त्याला हा हुकूम येत नसे. व्हिया कंपनीचा सी३ तर आणखी गमतीचा. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांना कूळ विचारलं की ते सहावं सांगत, पण तो हुकूम मात्र त्यांना येत नसे. पाटी सहावीची आणि पुस्तक पाचवीचं.

यातून न जुळणं दोन प्रकारचं झालं. लहान यंत्रावर मोठा कर्नेल बसवला तर यंत्र सुरूच होत नाही. घोटाळा पहिल्याच मिनिटाला उघडा पडतो आणि माणूस दुरुस्तीला लागतो. उलट, मोठ्या यंत्रावर लहान कर्नेल बसवला तर यंत्र सुरू होतं. पत्र लिहिता येतं, गाणी ऐकता येतात, काहीच बिघडलेलं दिसत नाही. नवा प्रोसेसर जुन्या हुकमांनाही ओळ देतो, कारण मागच्या पिढ्यांची भाषा तो विसरलेला नसतो. हा दुसरा घोटाळा जास्त फसवा. आरडाओरड करणारं दुखणं लवकर बरं होतं, गप्प बसणारं अंगात मुरतं.

हे कर्नेल घरोघरी कसे पोचले, तेही थोडक्यात सांगायला हवं. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. १९७३ मध्ये त्याचा गाभा सी या भाषेत नव्याने लिहिला गेला आणि एका यंत्रासाठी लिहिलेला गाभा दुसऱ्यासाठी दळून घेणं शक्य झालं. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली. ज्याच्या हाती प्रोग्राम आहे त्याला तो वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क असला पाहिजे, ही त्यामागची भूमिका. १९८९ मध्ये त्यांनी तो हक्क परवान्याच्या रूपात कागदावर आणला. त्यांच्याकडे बाकी भांडी होती, चूल मात्र पेटायची होती.

ती पेटवली हेलसिंकी विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने. लिनस टॉर्वाल्ड्स याने १९९१ च्या सुरुवातीला ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि त्यावर स्वतःचा गाभा लिहायला घेतला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने आपलं काम जाहीर केलं, तेव्हा हा गाभा ३८६ शी बांधलेला आहे आणि इतरत्र बहुधा चालणार नाही, असंही सांगून टाकलं. पुढच्या वर्षी त्याने स्टॉलमन यांचा परवाना स्वीकारला. हाच लिनक्स. जो इतरत्र चालणार नव्हता, तो आज खिशातल्या फोनपासून मोठ्यात मोठ्या महासंगणकापर्यंत चालतो.

सुरुवातीला लिनक्स वापरणारा माणूस स्वतःचं दळण स्वतः दळायचा. पण सगळ्यांना ते जमणारं नव्हतं. म्हणून तयार पीठ विकणारी, किंवा फुकट वाटणारी, दुकानं निघाली. १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन, १९९४ मध्ये रेड हॅट. ही मंडळी वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी कर्नेल आधीच दळून, डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून देऊ लागली. आपण डिस्क घालायची, बसवणारा प्रोग्राम आपला प्रोसेसर पाहणार आणि योग्य तो डबा उचलणार. सोय झाली, तशी चुकीचा डबा उचलला जाण्याची शक्यताही आली.

कर्नेल न जुळण्याचे तीन प्रकार या काळात दिसतात. पहिला ठिकाणाचा. नव्वदच्या दशकात संगणक सुरू होताना कर्नेल शोधून आणण्याचं काम 'लिलो' नावाचा छोटा प्रोग्राम करी. वर्नर आल्मेस्बर्गर यांनी तो लिहिला होता. कर्नेल डिस्कवर नेमका कुठे आहे, याचा नकाशा तो आधीच काढून ठेवत असे. नवा कर्नेल बसवला आणि लिलोला पुन्हा नकाशा काढायला सांगितलं नाही, तर तो जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवी. लिलो सुरू होताना आपल्या नावाचं एकेक अक्षर पडद्यावर उमटवत असे. काम पूर्ण झालं तर इंग्रजी चार अक्षरं पुरी होत. मध्येच अडलं तर पहिली दोनच दिसत आणि यंत्र थिजून जाई. जाणकार माणूस किती अक्षरं उमटली ते पाहून दुखणं सांगे. अर्धवट राहिलेल्या शब्दावरून रोग ओळखण्याची ही पद्धत मला फार आवडते.

दुसरा प्रकार आवृत्तीचा. १९९५ च्या १.२ आवृत्तीपर्यंत लिनक्समध्ये कर्नेलचे सुटे भाग करण्याची सोय आली होती. त्यांना मॉड्यूल म्हणतात. आवाजाचं कार्ड, नेटवर्क, छपाई यंत्र, ज्याची गरज असेल तोच भाग जोडायचा. पण सुटा भाग आणि गाभा एकाच आवृत्तीचे हवेत. काही संगणकांवर गाभा डिस्कच्या एका कप्प्यात असतो आणि मॉड्यूल दुसऱ्या कप्प्यात. नवी आवृत्ती बसवताना गाभ्याचा कप्पा जोडलेलाच नसेल, तर मॉड्यूल नवे येतात आणि गाभा जुनाच राहतो. पुढच्या वेळी यंत्र सुरू होतं, जुना गाभा आपल्या नावाचं मॉड्यूलचं फडताळ शोधतो आणि ते सापडत नाही. मग नेटवर्क नाही, आवाज नाही, कधी कळफलकही नाही. अशा वेळी सीडीवरून दुसरी प्रणाली चालू करायची, आजारी यंत्राचे दोन्ही कप्पे उघडून जोडायचे आणि आत शिरून कर्नेल पुन्हा बसवायचा. क्लाउस क्नॉपर यांच्या 'क्नॉपिक्स' या सीडीने २००० सालापासून या कामात कितीतरी लोकांना हात दिला.

तिसरा प्रकार कुळाचा. तोच २००६ साली घडला.

रेड हॅट कंपनीने २००३ मध्ये घरगुती वापराची आपली जुनी प्रणाली थांबवून, तिच्या जागी लोकसहभागातून चालणारा 'फेडोरा' हा प्रकल्प उभा केला. त्याची सहावी आवृत्ती, फेडोरा कोअर ६, २४ ऑक्टोबर २००६ रोजी बाहेर पडली. लोकांनी उत्साहाने ती बसवून घेतली. तिच्यात बत्तीस बिटी संगणकांसाठी कर्नेलचे दोन डबे होते, एक ५८६ चा आणि एक ६८६ चा. तोवर ६८६ चे प्रोसेसर घरोघरी झाले होते. बसवणाऱ्या प्रोग्रामने त्यांना दुसरा डबा द्यायचा. पण अनेक यंत्रांवर त्याने पहिला दिला. ६८६ च्या यंत्रात ५८६ चा गाभा जाऊन बसला.

बऱ्याच जणांना हे कळलंच नाही, कारण यंत्र व्यवस्थित चालत होतं. कळलं ते चित्रांच्या कार्डामुळे. ज्यांच्याकडे एनव्हिडियासारख्या कंपनीचं कार्ड होतं, त्यांना त्याचं मॉड्यूल वेगळं आणून जोडावं लागे. ते तयार मिळे ६८६ च्या गाभ्यासाठी दळलेलं. जोडायला गेलं की कर्नेल ते नाकारी. तक्रार एवढीच, की मॉड्यूलची रचना चुकीची आहे. माणूस चक्रावून जाई. कर्नेलची आवृत्ती विचारली तर उत्तर येई २.६.१८-१.२७९८.एफसी६. मॉड्यूलची आवृत्ती पाहिली तर तीही अगदी तीच. प्रोसेसरचं कूळ विचारलं तर आय६८६. सगळं जुळत होतं आणि तरी जमत नव्हतं.

याचं कारण नावात लपलं होतं. दोन्ही डब्यांवरची चिठ्ठी एकच होती. आवृत्ती विचारणाऱ्या आज्ञेच्या उत्तरात दळण कोणतं याचा उल्लेख नव्हता. आणि 'आय६८६' हे जे दुसरं उत्तर मिळे, ते प्रोसेसरबद्दल असे, गाभ्याबद्दल नव्हे. माणूस गाभ्याची चौकशी करतोय असं समजे आणि यंत्र आपल्या लोखंडाची माहिती देई.

खरी ओळख एकाच ठिकाणी लिहिलेली होती. प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात एक छोटी ओळ कोरलेली असते. आवृत्ती, एकाहून जास्त प्रोसेसर चालवण्याची तयारी, प्रोसेसरचं कूळ, दळणारा प्रोग्राम कोणता, अशी ती ओळ असते. जुन्या काळी नाव, गाव, कूळ विचारल्याशिवाय सोयरीक जुळत नसे, तसं कर्नेल ही ओळ आपल्या ओळीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. इथे सगळी ओळ सारखी होती. फक्त एका जागी एकाकडे ५८६ होतं आणि दुसऱ्याकडे ६८६. उर्दू लिपीत एक नुक्ता वरून खाली आला की 'खुदा'चा 'जुदा' होतो. इथे एका आकड्याने तेच केलं. कर्नेलचं हे नाकारणं आडमुठेपणाचं वाटेल, पण ते बरोबर होतं. गाभ्याच्या आत चुकीच्या दळणाचा भाग शिरला, तर तो स्मृतीत कुठेही लिहून ठेवू शकतो आणि मग नुकसान कुठवर जाईल याला हिशेब नाही.

आता दुरुस्ती. रेडिओवर आज्ञा वाचून दाखवण्यात अर्थ नाही, पण क्रम सांगण्यासारखा आहे. पहिलं काम निदानाचं. कोणकोणते डबे बसवले आहेत याची नोंद ठेवणारा 'आरपीएम' नावाचा प्रोग्राम फेडोरात होता. त्याला नुसतं 'कर्नेल कोणता' विचारलं की तो नाव आणि आवृत्ती सांगून गप्प बसे. 'कोणत्या कुळासाठी दळलेला' हे त्याला मुद्दाम, वेगळं विचारावं लागे. विचारलं की तो खरं सांगे. आय५८६ असं उत्तर आलं, की रोग सापडला.

दुसरं काम योग्य डबा आणण्याचं. इथे अडचण उभी राहिली. दोन्ही कर्नेलचं नाव एकच असल्याने त्यांच्या फायलींची नावं आणि मॉड्यूलचं फडताळही एकच. दोघांना शेजारी शेजारी ठेवता येईना. एक उपाय जबरदस्तीचा होता. चालू गाभ्याच्या डोक्यावर दुसरा बसवायचा आणि मग यंत्र बंद करून सुरू करायचं. तो चाले, पण मध्येच वीज गेली तर जुना गेलेला आणि नवा अर्धवट. भारनियमन सोसलेल्या माणसाला यातला धोका समजावून सांगायला नको. दुसरा उपाय संयमाचा. थोड्याच दिवसांत फेडोराने कर्नेलच्या पुढच्या आवृत्त्या काढल्या. त्यांचा क्रमांक वेगळा होता. त्यातला ६८६ चा डबा नाव घेऊन, कूळ सांगून मागवायचा. नाव वेगळं असल्याने तो जुन्याच्या शेजारी निमूट बसे.

तिसरं काम सुरू करून पाहण्याचं. लिलोची जागा तोवर 'ग्रब'ने घेतली होती. ग्रब सुरुवातीला यादी दाखवतो, कोणता कर्नेल हवा ते निवडा म्हणतो. नवा निवडायचा, यंत्र नीट उठतं का ते बघायचं. नाही उठलं तर जुना आहेच. नवा व्यवस्थित चालतोय, पुन्हा विचारल्यावर कूळ ६८६ सांगतोय, कार्डाचं मॉड्यूलही नव्या आवृत्तीचं आणून जोडलं आणि ते जोडलं गेलं, एवढी खात्री झाल्यावर मगच जुन्याला निरोप द्यायचा.

लिनक्सच्या जगात हा एक जुना दंडक आहे. बाकीचे प्रोग्राम सुधारताना जुन्याच्या जागी नवा आला तरी चालतो. कर्नेल मात्र जुन्याच्या जागी बसवू नये, शेजारी बसवावा. आजही फेडोरा डीफॉल्ट म्हणून तीन कर्नेल ठेवतं आणि चौथा आला की सगळ्यात जुना काढतं. विहिरीला नवा दोर बांधून पाण्याने भरलेली बादली एकदा वर येईपर्यंत जुना दोर फेकू नये, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं.

असा घोटाळा फक्त याच घरात होता असं नाही. विंडोज एक्सपीच्या डिस्कवरही एका प्रोसेसरचा आणि अनेक प्रोसेसरांचा असे वेगवेगळे गाभे होते. बसवताना अनेक प्रोसेसरांचा गाभा निवडला गेला, तरी यंत्रात त्याच्या फाइलीला एका प्रोसेसरच्या गाभ्याचंच नाव दिलं जाई. मूळ नाव त्या फाइलीच्या गुणधर्मांत शोधावं लागे. तिथेही पाटी एक आणि आतला माणूस दुसरा. फरक दुरुस्तीत होता. तिथे गाभ्याचं मूळ लिखाण सर्वसामान्य माणसासाठी बंद, दळणाची गिरणी कंपनीच्या कुलपात. फेडोराच्या माणसाला दळण, चिठ्ठी, गिरणी आणि दळणाऱ्यांनी मांडलेला चुकीचा हिशेब, सगळं पाहता येत होतं. चूक दोघांकडे होऊ शकते. ती कुणाला शोधता येते आणि कुणाला दुरुस्त करता येते, यावरून घराची परीक्षा होते. स्टॉलमन यांनी १९८३ साली जो हक्क मागितला होता, त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ २००६ च्या त्या आठवड्यांत अनेकांना पहिल्यांदा उमगला असेल.

पुढे काय झालं तेही पाहू. फेडोराने चिठ्ठी सुधारली. काही आवृत्त्यांनंतर कर्नेलच्या नावातच शेवटी आय५८६ किंवा आय६८६ लिहिलं जाऊ लागलं. आता आवृत्ती विचारली की कूळ आपोआप कळे. नोव्हेंबर २००९ मध्ये आलेल्या फेडोरा १२ पासून ५८६ चं दळणच थांबलं. नावांचा घोळ मात्र संपला नाही. २०११ मध्ये टॉर्वाल्ड्स यांनी २.६.३९ नंतर थेट ३.० असा क्रमांक दिला, तेव्हा काही जुने प्रोग्राम गडबडले. त्यांना २.६ शिवाय काही आकडा येईल ही कल्पनाच नव्हती. त्यांच्यासाठी कर्नेलमध्ये मुद्दाम अशी सोय ठेवावी लागली, की विचारणारा भित्रा असेल तर त्याला २.६ असंच उत्तर द्यावं. फेडोरा १५ ने तर खबरदारी म्हणून ३.० चा कर्नेल २.६.४० या टोपणनावाने वाटला. २००६ साली सारख्या नावाने लोकांना फसवलं होतं, आता यंत्राचं मन राखण्यासाठी माणसांनी नाव बदलून सांगितलं.

यातला एक भाग मात्र मला अस्वस्थ करतो. एकेका कुळाचं दळण बंद होत गेलं. ज्या ३८६ वर लिनक्सचा जन्म झाला, त्याचा आधार २०१३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ३.८ आवृत्तीतून काढून टाकला गेला. ऑक्टोबर २०१९ च्या फेडोरा ३१ पासून बत्तीस बिटी कर्नेल मिळणं थांबलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही जुन्या बत्तीस बिटी यंत्रांसाठी कर्नेल आणि बसवणारा प्रोग्राम देणं बंद केलं. कारणं खरी आहेत. जुन्या यंत्रावर तपासून पाहणारे हात कमी झाले आणि न तपासलेलं दळण वाटणं हा त्याहून मोठा गुन्हा. पण आपल्याकडे संगणक सहसा नवाकोरा येत नाही. शहरातल्या कचेरीने काढून टाकलेला, गावातल्या शाळेत पोचतो. त्या यंत्राला लागणारा डबा आता दुकानात नसेल. मूळ लिखाण खुलं असल्याने जुनी आवृत्ती मिळेल, कुणी मनावर घेतलं तर दळूनही देईल. दार बंद झालेलं नाही, पण ते उघडायला आता माणूस लागतो.

मराठी माणसाला न जुळण्याचं हे दुखणं दुसऱ्या रूपात चांगलंच परिचयाचं आहे. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची आतली आकडेवारी वेगळी होती. पडद्यावर 'क' दिसे, पण पोटातला आकडा एकाचा एक, दुसऱ्याचा दुसरा. एका फॉन्टमध्ये लिहिलेली माझी कविता एका संपादकांच्या संगणकावर उघडली, तेव्हा तिथे स्वल्पविराम, डॉलर आणि उलटे कंस यांची रांगोळी पडली होती. अशा काळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅटने खुल्या परवान्याखाली सगळ्यांना दिले आणि फेडोरासारख्या प्रणालींवर आपली अक्षरं नीट उमटू लागली. लोहित म्हणजे लाल, हे रेड हॅटच्या नावाशी जुळणारं. तिथेही उपाय तोच होता, आत काय आहे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि उघड्यावर ठेवायचं.

फेडोरा कोअर ६ आता कुणी वापरत नाही. त्या कर्नेलची आवृत्ती आज ज्यांच्या लक्षात असेल, ते आपापल्या क्षेत्रात ज्येष्ठ झाले असतील. पण त्यांनी तेव्हा जे केलं, ते कुठल्याही दुरुस्तीला लागू पडतं. नाव सारखं दिसलं म्हणून समाधान न मानता कूळ विचारलं. उत्तर देणारा कुणाबद्दल बोलतोय, याची खात्री करून घेतली. चालू असलेलं मोडण्याआधी नवं शेजारी उभं केलं आणि ते चालून दाखवेपर्यंत वाट पाहिली. तुमच्या घरच्या संगणकावर उद्या सुधारणा आली आणि काही अडलं, तर घाबरून सगळं पुसून पहिल्यापासून बसवू नका. सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नेल निवडा, यंत्र उठू द्या, आणि मग शांतपणे विचारा, तुझं नाव काय ते कळलं, पण तू कुणासाठी दळलेला आहेस?